पिन बाइंडिंग: उतरताना लॉक नको
टूरिंग स्कीच्या (बर्फाळ डोंगर स्वतः चढून मग उतरायच्या स्कीच्या) पिन बाइंडिंगबद्दल, म्हणजे बुटाचं टोक दोन पिनांच्या जबड्यांत धरून बूट स्कीला जोडणाऱ्या भागाबद्दल, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: उतरतानाही पुढचा खटका वर ओढून लॉक करा, स्की निसटणार नाही. निसटणार नाहीच, पण पडलात तर पायही सुटणार नाही! लॉक आहे तो चढणीसाठी, कारण तेव्हा टाच मोकळी असते आणि बूट फक्त पुढच्या जबड्यांनी धरलेला असतो. उतारावर पडलात तर बहुतेक मॉडेलांत बाइंडिंगचा टाचेकडचा भाग आडवा फिरून बूट सोडतो. पण पुढचे जबडे लॉक असतील तर बूट सुटत नाही, गुडघा पिळवटतो, हिमस्खलनात स्की माणसाला खाली ओढते. खड्या, अरुंद घळीत काही मुरलेले स्कीअर जाणूनबुजून लॉक करतात, तो हिशेब वेगळा. स्की उगाच निसटत असेल तर आधी जबड्यांखाली पाहा. बऱ्याचदा तिथे बर्फ घट्ट बसलेला असतो. पोलच्या (हातातल्या स्की-काठीच्या) टोकानं तो खरवडा, पिना बसतात ती बुटाच्या पुढची दोन भोकंही साफ करा.