चावीचा सेल संपतो तेव्हा

गेल्या जुलैत गोव्यात रायबंदरहून चोडणला जाताना मामांची गाडी फेरीबोटीतच अडली. फेरी धक्क्याला लागली, पुढच्या दुचाक्या उतरल्या, मामांनी स्टार्टचं बटण दाबलं, तर समोर 'चावी सापडत नाही' अशी सूचना. या गाडीची चावी फिरवावी लागत नाही, जवळ असली की पुरे. आणि ती तर त्यांच्या खिशात होती! मागून हॉर्न सुरू झाले. शेवटी मागच्या पिकअपचा चालक भिजत खिडकीशी आला आणि म्हणाला, "मामा, चावी बटणाक लायात." मामांनी चावी बटणाला टेकवली, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं, आणि इंजीन सुरू झालं.

चावीतला सेल तर संपलेला होता. मग गाडीने चावी ओळखली कशी?

एरवी आपण दाराच्या मुठीला हात लावतो तेव्हा गाडी आपल्या अँटेनांतून साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडते. अंतर दुप्पट झालं की या क्षेत्राचा जोर सुमारे आठपट घटतो, म्हणून ही हाक मीटर-दीड मीटरपलीकडे जात नाही. ती ऐकून चावी ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ संदेशाने उत्तर देते. ऐकत राहायला वीज अगदी नगण्य लागते, उत्तर द्यायला त्या मानाने पुष्कळ. सेल थकला की हे उत्तरच अडतं.

पण बहुतेक चाव्यांत आणखी एक छोटी चिप असते, तिला सेल लागतच नाही. चावी बटणाला टेकवली की तिथल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे चावीतल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिप आपली ओळख सांगते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं विद्युत प्रवर्तन ते हेच. काही गाड्यांत ही जागा बटणाऐवजी स्टिअरिंगजवळ किंवा एखाद्या खाचेत असते. आपल्या गाडीत ती कुठे आहे, हे पुस्तिकेत आजच बघून ठेवा. दार उघडायला चावीच्या पोटात लोखंडी पातं असतं. त्याचं भोक पुष्कळदा मुठीवरच्या झाकणाखाली दडलेलं असतं.

घरी आल्यावर मामांनी सेल मल्टीमीटरला लावला. आकडा आला २.९ व्होल्ट. "अरे, चांगला आहे की!" इथेच बरेच जण फसतात. लिथियमच्या सेलचा व्होल्टेज आयुष्यभर ३ च्या आसपास टिकतो आणि अखेरीस एकदम घसरतो. शिवाय सेल जुना होताना त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, म्हणून आकडा बरा दिसतो. चावी संदेश पाठवायला काही मिलिअँपिअर मागते, त्या क्षणी मात्र व्होल्टेज कोसळतो. त्यापेक्षा लक्षणं बघा: पूर्वी अंगणातून उघडणारी गाडी आता दाराशी गेल्यावरच उघडते का? दुसरी चावी नीट चालते का? ती चालत असेल तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चालत नसतील आणि आतला दिवाही मंद असेल, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासा. मोबाइल आणि चावी एकाच खिशात असली तरी गाडीला कधी कधी चावी सापडत नाही.

आपल्याकडचा पाऊसही गोंधळ घालतो. मुठीतला स्पर्श ओळखणारा सेन्सर वाहत्या पाण्याने चकतो. मूठ पुसून पुन्हा हात लावून बघा. खाऱ्या, दमट हवेत चावीतल्या पत्र्याच्या स्प्रिंगवर हिरवट थर धरतो. मामांच्या चावीत तो होताच. कोरड्या कापडाने हलकेच पुसला.

सेलचा नंबर जुन्या सेलवरच असतो. बहुधा सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. अधिकची (+) बाजू कुठे होती ते बघूनच जुना काढा.

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. वापरलेल्या सेलमध्येही इतकी वीज उरते की मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तशी शंका जरी आली तरी लगेच इस्पितळ गाठा. मामांनी तो दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळला आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवला, कारण घरात दीड वर्षाची नात आहे.