शस्त्रक्रियेनंतर गिनीपिगला उपाशी ठेवावे काय?

इंदूरमधील मराठी घरांत फिरणाऱ्या निरोपांत एक सल्ला नेहमी आढळतो: शस्त्रक्रियेनंतर गिनीपिगला दिवसभर उपाशी ठेवावे, म्हणजे पोटाला विश्रांती मिळते.

माणसाच्या लंघनावरून हा समज झाला असावा, आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु माणसाला भुलेपूर्वी उपाशी ठेवतात ते मुख्यतः पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून, आणि गिनीपिगला तर उलटी करताच येत नाही. त्याचे आतडे सतत येणाऱ्या तंतुमय चाऱ्यावर चालते; चारा थांबला की हालचाल मंदावते, वायू साठतो, वेदनेने भूक आणखी मरते आणि हे जिवावर बेतू शकते. म्हणून तो पूर्ण शुद्धीवर येताच पुढे सुके गवत ठेवावे, आणि तरीही खात नसेल तर पशुवैद्यांना विचारून पातळ केलेला चारा सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडाथोडा द्यावा. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही. शिमला मिरचीची एखादी फोड त्यासाठी उपयोगी पडते.

त्याचे पोट नीट चालते आहे की नाही, याचा पडताळा घरीच घेता येतो. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज ठरावीक वेळी वजन करावे आणि लेंड्यांकडे लक्ष ठेवावे. त्या लहान वा विरळ झाल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.