मैदानाला दुसरं फाटक हवं

संध्याकाळी नागपुरातल्या कुठल्याही वस्तीतल्या बगिच्यात चक्कर मारा. घसरगुंडीवर लहान लेकरं, ओपन जिमवर काका-काकू, ट्रॅकवर रिटायर्ड मंडळी आणि मोकळ्या जागेत पोट्ट्यांचं क्रिकेट. १३-१४ वर्षांच्या मुली दिसल्याच तर फाटकाजवळ, सायकली धरून गप्पा मारताना.

‘मुलींना खेळायची आवडच नसते’ असं आपण म्हणून टाकतो. व्हिएन्नात १९९० च्या दशकात हे तपासून पाहिलं गेलं. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर बागेत येणाऱ्या मुलींची संख्या झपाट्यानं घटत होती, मुलांची मात्र नाही. जागेवरून चढाओढ झाली की मुली माघार घेत होत्या. त्यात जाळीच्या बंदिस्त मैदानाला एकच अरुंद दार असलं, तर दारात चार मुलं उभी राहिली तरी आत जाणं अवघड. म्हणून १९९९ पासून मार्गारेटन भागातल्या दोन बागा बदलल्या गेल्या. मैदानांची दारं रुंद केली, मोठ्या जागेचे लहान भाग पाडले, टेकून बसायला ओटे केले. मुली परत येऊ लागल्या.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची आकडेवारी तपासली, तेव्हा ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलं दिवसाला तासभरही पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलांचं फार बरं चाललंय असं नाही, पण दरी आहेच.

नागपुरात यात उन्हाची भर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, सूर्य मावळतो पावणेसातच्या सुमारास. म्हणजे बाहेर पडण्याजोगी वेळ सुरू होते तेव्हाच घरून ‘अंधार पडायच्या आत ये’ असं बजावलेलं असतं. त्यातून सिमेंटचा बाक दिवसभर उष्णता शोषतो आणि सूर्य बुडाल्यावरही ती सोडत राहतो. सातला त्यावर बसून पाहा, चटका बसतो. कडुनिंबाच्या सावलीतला लाकडी पट्ट्यांचा बाक लवकर निवतो. आणि बाक समोरासमोर हवेत. एका रांगेतल्या बाकांवर पाच मैत्रिणींच्या गप्पा होतच नाहीत, हे बाक मांडणाऱ्याला कसं सुचत नाही कोण जाणे.

दिव्यांचं गणितही बहुतेकदा चुकतं. मधोमध एकच झगझगीत हायमास्ट लावला की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि पलीकडचा अंधार आणखी दाट दिसतो. उजेडातली मुलगी सगळ्यांना दिसते, तिला मात्र झुडपामागचं काही दिसत नाही. त्यापेक्षा कमी उंचीचे, सौम्य, पायवाटेवर सारख्या अंतरावरचे दिवे बरे. समोरच्याचा चेहरा दुरून ओळखू येतो. माणसाला पाठीशी आधार आणि समोर मोकळी नजर असलेली जागा आवडते, असं ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये मांडलं होतं. मुलींच्या बाबतीत तिसरी गोष्टही लागते: निघून जायला दुसरी वाट.

झोपाळ्यांवर ‘१२ वर्षांखालील मुलांसाठी’ अशी पाटी असते. स्वीडनमधल्या उमिओ शहरानं मुलींना विचारून एका बागेत छताखाली मोठ्यांना बसता येईल असे झोपाळे टांगले. आपल्याकडे झोपाळ्याचं वेड तर घरोघरी. दणकट साखळ्या नि रुंद पाट लागतील, आणि ती पाटी काढावी लागेल.