उन्हाळा, शेजार आणि गल्लीतली कुत्री

जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा ४१ अंशांवर गेला आणि आठवडाभरात एरवीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध बरेच होते. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या मृत्यूंचा वस्तीवार अभ्यास केला, तेव्हा नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकींना खेटून असलेल्या दोन वस्त्यांपाशी त्यांची नजर अडली. दोन्हीकडे गरिबी होती, दोन्हीकडे एकटे म्हातारे होते, ऊन तर एकच होतं. तरीही नॉर्थ लॉनडेलमधला मृत्यूदर शेजारच्या वस्तीच्या सुमारे दहापट निघाला.

नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने आणि दुकानं बंद पडली होती, निम्मीअधिक वस्ती सोडून गेली होती. ओसाड रस्त्यांच्या आणि गुन्हेगारीच्या भीतीने म्हातारी माणसं दारंखिडक्या लावून घरात बसली. साउथ लॉनडेलमध्ये मात्र रस्ते गजबजलेले. तिथल्या आजी-आजोबांचं दुकानात जाणं-येणं होतं, ओळखीचे चेहरे रोज भेटत होते. एखादा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर कुणाला तरी चुकल्यासारखं वाटे.

असं चुकल्यासारखं वाटण्याने जीव का वाचतो, याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते, घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त वळवून शरीर थंड ठेवणं हृदयाला जड जातं. रक्तदाबाची काही औषधं लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात, त्याने शुष्कता आणखी वाढते. आणि सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे उष्माघातात मेंदूच गोंधळतो. आपल्याला काही होतंय, हे ज्याला होतंय त्यालाच उमगत नाही. तो ‘जरा पडतो’ म्हणतो आणि पडूनच राहतो. अशा वेळी धोका ओळखायला दुसऱ्या माणसाचे डोळे लागतात. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात शेजारच्या काकूंचं दार वाजवून ‘पाणी प्यायलात का?’ विचारणं हा म्हणूनच माझ्या मते थेट वैद्यकीय उपाय आहे. बोलणं असंबद्ध वाटलं, अंग चटका बसेल इतकं तापलेलं असलं, तर माणसाला सावलीत आणायचं, अंगावर पाणी ओतत वारा घालायचा आणि लगेच १०८ ला फोन करायचा.

भूकंपातही हेच दिसतं. जपानमधल्या कोबेला १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे हादरा बसला, तेव्हा ढिगाऱ्यांतून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. कोण कुठल्या खोलीत झोपतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता गल्लीतल्या कुत्र्यांकडे वळू, कारण त्यांचं जगणंही आपल्याच शेजारात चालतं. ती शिकार करून फारशी जगत नाहीत. उकिरडा, हॉटेलमागचं खरकटं, मटणाच्या दुकानापुढचे तुकडे आणि कुणीतरी टाकलेली पोळी, यांवर त्यांची गुजराण असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा यातलं बरंचसं एका रात्रीत बंद झालं. ठिकठिकाणी माणसं भाताची पातेली घेऊन बाहेर पडली, तेव्हा कितीतरी कुत्र्यांसाठी तेवढंच अन्न उरलं होतं.

या कुत्र्यांवरचं मोलाचं संशोधन आपल्याच देशात झालं आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आहेत. त्यांनी पाहिलेल्या पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के सात महिन्यांची झाली आणि जी गेली त्यांतल्या ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. हा आकडा वाचताना मला थांबावं लागलं. याच गटाच्या २०१७ च्या प्रयोगात अनोळखी माणसाने कुत्र्यांना काही दिवस खायला दिलं किंवा कुरवाळलं. विश्वास अधिक जुळला तो कुरवाळण्याने. ज्या जिवांना माणसाकडून सर्वाधिक धोका, तेच मायेच्या स्पर्शाला इतके भुकेले असतात. अर्थात अनोळखी कुत्र्याला आपण होऊन हात लावू नये. त्याला जवळ यायचं की नाही, हे त्याला ठरवू द्यावं.

माणसाच्या बाजूलाही काही घडतं. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की पाळीव कुत्रा मालकाच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहतो, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं हेच संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र हा परिणाम दिसला नाही.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांची भीती खरी आहे. माणसांतला रेबीज बहुतांशी कुत्र्यांच्या चाव्यातूनच येतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पण इथेही रोज बघणारे डोळे कामी येतात. रेबीजचं सुरुवातीचं लक्षण म्हणजे वागण्यातला बदल. शेपूट हलवणारा कुत्रा कोपऱ्यात लपतो, शांत कुत्रा गुरगुरू लागतो, लाळ गळते, गिळता येत नाही. हा बदल त्याला रोज बघणाऱ्यालाच कळतो. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं आणि संशयित कुत्रा दिसल्यास कळवण्यासाठी हेल्पलाइन चालवली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचं आणि माणसांचे मृत्यू थांबल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

कुत्र्याला घाम जवळपास फक्त पंजांना येतो. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो आणि प्रत्येक धापेसरशी ओलावा गमावतो. म्हणून उन्हाळ्यात अन्नाआधी पाणी ठेवावं, सावलीत आणि पसरट जड भांड्यात. ते रोज ओतून, घासून भरावं, नाहीतर आठवडाभरात त्यातच डेंग्यूचे डास तयार होतात. खायला घालायची जागा शाळेच्या फाटकापासून आणि जिन्यापासून लांब, वेळ ठरलेली. ठरल्या वेळी येणारं कुत्रं लसीकरणासाठीही सहज सापडतं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच केलेली असते. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला ती दिसली नाही, तर महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवा.