डग्ग्याची मींड आणि पॅडवरचा दाब

इलेक्ट्रॉनिक पॅडविषयी तबलावादकांचा एक आक्षेप ठरलेला असतो. पॅड म्हणजे एक बटण, त्यावर काठी किंवा बोट पडले की आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज बाहेर येतो आणि पुढे वादकाच्या हाताला काही कामच उरत नाही, असे ते म्हणतात. इंदूरमध्ये हा आक्षेप जरा अधिक ठामपणे ऐकू येतो आणि ते स्वाभाविकही आहे, कारण नाना पानसे यांच्या पखवाजाची परंपरा ज्या शहरात रुजली, तिथल्या जाणत्या श्रोत्यांना आघात झाल्यानंतरही हात चामड्यावर काय करत असतो याची चांगली जाण आहे. गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदात ऑक्टापॅडवर वाजणारी ढोलक त्यांना निर्जीव वाटते, आणि पुष्कळदा ती तशी असतेही. मात्र हा दोष यंत्राच्या स्वभावातच आहे, असा जो निष्कर्ष त्यावरून काढला जातो, तो चुकीचा आहे. आघातानंतरचा दाब आकड्यांत सांगण्याची सोय इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या मिडी या १९८३ साली ठरलेल्या मूळ प्रमाणातच होती. अनेकदा ती कशालाही जोडलेली नसते, इतकेच.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त आकडे जातात. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या वाद्यनिर्मात्यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांसाठी ही समान भाषा तयार झाली. पॅडवर एक थाप पडली की कोणत्या चॅनेलवर (एकाच तारेतल्या स्वतंत्र मार्गावर), कोणता स्वर आणि किती जोराने, एवढी माहिती तीन बाइटांत पाठवली जाते. जोराला या भाषेत व्हेलॉसिटी म्हणतात आणि तो ० ते १२७ या आकड्यांत मोजतात. संगणकातला सॅम्पलर, म्हणजे मुद्रित आवाज वाजवणारा प्रोग्राम, हा आकडा पाहून योग्य ध्वनिमुद्रण निवडतो. हळू वाजवलेला ‘ना’ हा जोरदार ‘ना’चा केवळ लहान आवाज नसतो, त्यातले वरचे स्वरांशही (मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच स्वर) कमी झालेले असतात, म्हणून चांगल्या संचात एकाच बोलाची वेगवेगळ्या जोराने केलेली ध्वनिमुद्रणे ठेवलेली असतात. इथपर्यंतचा भाग बहुतेकांना माहीत असतो. खरी गंमत पुढे आहे.

डग्ग्यावर, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्यावर, ‘गे’ हा बोल वाजवल्यावर मनगटाचा दाब वाढवत नेला की घुमारा सलग वर चढतो. ही मींड पॅडवर आणायची, तर पॅडला आघाताबरोबरच टिकून राहिलेला दाबही कळला पाहिजे. पुष्कळ पॅडांमध्ये आघात ओळखण्यासाठी पीझो स्फटिकाची चकती असते. दाब पडल्यावर स्फटिकावर विद्युतभार निर्माण होतो, हा शोध जाक आणि प्येर क्युरी या बंधूंनी १८८० साली लावला. हा भार दाब बदलताना निर्माण होतो आणि मंडलातून झिरपून लगेच नाहीसा होतो. त्यामुळे पीझोला थाप उत्तम कळते, पण तळहात तसाच दाबून ठेवला तर काही क्षणांत त्याच्या दृष्टीने पॅडवर कोणीच नसते. टिकलेला दाब मोजायला वेगळा संवेदक लागतो. त्यात विद्युतवाहक थर दाबाखाली एकमेकांना अधिकाधिक जागी टेकतात आणि विद्युतरोध कमी होतो. हात जितका वेळ राहील तितका वेळ हा रोध कमीच राहतो. १९८८ साली आलेल्या अकाईच्या एमपीसी ६० या यंत्राच्या सोळा पॅडांना दाब कळत असे. म्हणजे ही काही कालपरवाची करामत नव्हे.

या दाबाला मिडीच्या भाषेत आफ्टरटच म्हणतात आणि तो दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात संपूर्ण चॅनेलसाठी दाबाचा एकच आकडा जातो, तर दुसऱ्यात प्रत्येक स्वराचा दाब स्वतंत्रपणे सांगितला जातो. हा भेद तांत्रिक बारकावा वाटेल, पण तबल्याच्या बाबतीत सगळे यश त्यावरच अवलंबून असते. उजव्या हाताचा तबला गायकाच्या षड्जात मिळवलेला असतो आणि तो तसूभरही हलून चालत नाही. डावीकडचा डग्गा मात्र सतत वरखाली होत असतो. दोन्ही एकाच चॅनेलवर ठेवून चॅनेलचा दाब स्वराच्या उंचीला जोडला, तर डग्ग्याच्या मींडीबरोबर ‘ना’ सुद्धा वर सरकतो आणि सारे वादन बेसूर होते. पिच बेंड हा संदेशही संपूर्ण चॅनेलला लागू होतो, त्यामुळे तिथेही हीच अडचण येते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे डग्ग्याला स्वतंत्र चॅनेल देणे. पॅड आणि सॅम्पलर या दोघांनाही स्वरनिहाय आफ्टरटच कळत असेल, तर एका चॅनेलवरही काम भागते. २०१८ साली प्रमाण म्हणून स्वीकारल्या गेलेल्या एमपीई या पद्धतीत वाजणाऱ्या प्रत्येक स्वराला तात्पुरते स्वतःचे चॅनेल मिळते. मग त्याची मींड, दाब आणि पॅडवरचे बोटाचे सरकणे हे सारे त्या एकट्याचेच राहते.

आता हा दाब सॅम्पलरमध्ये पोचल्यावर काय होते, ते जरा सविस्तर पाहू, कारण या सगळ्या साखळीतला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग तोच आहे. ध्वनिमुद्रण म्हणजे सेकंदाला, समजा, ४४,१०० नोंदी. सॅम्पलर त्या क्रमाने वाचतो. आवाज षड्जापासून शुद्ध मध्यमापर्यंत, म्हणजे पाच अर्धस्वर, चढवायचा असेल, तर वाचण्याचा वेग २ च्या ५/१२ व्या घाताइतका, म्हणजे सुमारे १.३३५ पट करावा लागतो. मग पहिली नोंद शून्याव्या जागेवरची, पुढची १.३३५ व्या, त्यापुढची २.६७ व्या जागेवरची. अशा अपूर्णांकाच्या जागांवर मुळात नोंदच नसते. आजूबाजूच्या नोंदींवरून तिथली किंमत गणिताने काढावी लागते, आणि हे गणित ढोबळ असेल तर चढलेल्या स्वरात खरखर शिरते. मींडीत तर हा वेगही स्थिर नसतो. मनगट दाबत असताना तो प्रत्येक नोंदीगणिक बदलत असतो, त्यामुळे पुढची जागा ठरवताना सॅम्पलरला आतापर्यंतच्या सगळ्या वेगांची बेरीज सांभाळत जावे लागते. हाताची हालचाल अशा रीतीने काळाच्या ताणण्या-आवळण्यात रूपांतरित होते.

इथे आकड्यांची खडबड आडवी येते. एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरतात, म्हणून पाच अर्धस्वर म्हणजे ५०० सेंट. ते दाबाच्या १२७ पायऱ्यांत वाटले, तर एक पायरी सुमारे ४ सेंटची होते आणि डग्ग्याच्या खर्जात ती सहसा कानाला टोचत नाही. पण पॅडची संवेदनशीलता नीट लावलेली नसेल आणि मनगटाच्या नेहमीच्या दाबाला ४० पायऱ्याच मिळत असतील, तर एक पायरी १२ सेंटांपुढे जाते आणि मींडीऐवजी जिना ऐकू येऊ लागतो. सॅम्पलरमध्ये आकडे मऊ करण्याची सोय असते. ती १० ते २० मिलिसेकंदांवर ठेवली तर पायऱ्या विरतात, फार वाढवली तर मींड हाताच्या मागे रेंगाळते. शिवाय साध्या जोडणीत हे संवेदक हलक्या स्पर्शाला झपाट्याने चढतात आणि जोराच्या दाबाला फारसे दाद देत नाहीत. म्हणून दाबाचा वक्र, म्हणजे हाताच्या किती दाबाला किती आकडा द्यायचा याची आखणी, सुरुवातीला मंद आणि पुढे तीव्र असा ठेवावा लागतो. माझ्या मते नवीन ध्वनिसंच विकत घेण्यापेक्षा हा वक्र हाताला बसवण्यात घालवलेला वेळ अधिक कामी येतो.

जुन्या गोल पाच टाचण्यांच्या तारेची मर्यादाही लक्षात ठेवावी. तिच्यातून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि तीन बाइटांच्या एका संदेशाला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. आठ पॅड सेकंदाला शंभर वेळा आपला दाब कळवू लागले, तर ८०० संदेशांनीच तारेची तीन चतुर्थांशांहून अधिक क्षमता खर्च होते आणि खरी थाप त्या रांगेत अडकू शकते. यूएसबी जोडणीत हा प्रश्न जवळपास उरत नाही. २०२० साली स्वीकारलेल्या मिडी २.० मध्ये व्हेलॉसिटीला १२८ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या आहेत. त्यामुळे वादन आपोआप जिवंत होईल, असा प्रचार मात्र खरा मानू नये, कारण संवेदकालाच बारीक फरक कळत नसेल, तर जास्तीच्या पायऱ्या रिकाम्याच राहतात.

असाच एक गैरसमज स्वराच्या उंचीविषयी आहे. पाश्चात्त्य ‘ए’ हा स्वर ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला मिळवलेले ध्वनिसंच शरीराला आरोग्य देतात, असे सांगून ते विकले जातात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपने, आणि सेकंद हे माणसाने दिवसाचे भाग पाडून ठरवलेले माप आहे. त्यातल्या एखाद्या आकड्यात रोग बरे करण्याची शक्ती असण्याचे काही कारण नाही. आपल्या संगीतात तर षड्ज गायकागणिक बदलतो. ज्याला हवा त्याने खुशाल ४३२ ठेवावा, पण औषध म्हणून नव्हे.

मींड खरी वाटण्यासाठी केवळ स्वर चढवून भागत नाही. चामड्याची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते; पाच अर्धस्वरांसाठी ताण सुमारे पावणेदोन पट व्हावा लागतो. प्रत्यक्षात मनगट चामड्याचा काही भाग थोपवतेही, त्यामुळे कंपणारे क्षेत्र लहान होते आणि घुमारा लवकर विरतो. म्हणून सॅम्पलरमध्ये हाच दाब आवाजाच्या विरण्यालाही जोडावा आणि दाब वाढेल तसा विरण्याचा काळ कमी करावा. बंद ‘क’ वाजला की आधीचा ‘गे’ तत्काळ थांबला पाहिजे; त्यासाठी दोन्ही बोल एकमेकांना तोडणाऱ्या एका गटात ठेवतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही नियंत्रणाने साधत नाही. साध्या गोल पडद्याचे स्वरांश १, १.५९, २.१४ अशा विस्कळीत प्रमाणात असतात. तबल्याची शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा गोल लेप, त्यांना पूर्णांकांच्या जवळ आणते, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली दाखवून दिले. चाट (कडेची पट्टी), लव (मधली मोकळी जागा) आणि शाई यांवर बोट कुठे पडते आणि कोणते बोट टेकलेले राहते, यावर यांतले कोणते स्वरांश जागे होतील हे ठरते. त्यामुळे ‘ना’ला गाळण्या (फिल्टर) लावून ‘तूं’ तयार होत नाही. पॅडला बोटाची जागा कळत असली, तरी त्या जागेचा उपयोग वेगवेगळी ध्वनिमुद्रणे निवडण्यासाठीच करावा लागतो. डग्ग्याच्या बाबतीत ती ध्वनिमुद्रणे करतानाच एक पथ्य पाळावे लागते. ‘गे’ मनगट न दाबता, सरळ आणि पूर्ण विरेपर्यंत वाजवून घ्यावा, कारण मुद्रणातच मींड असेल, तर वादकाच्या हाताची मींड तिच्यावर चढते आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना ओढू लागतात.