‘बोर्ड’: एका फळीची लांब वाटचाल

‘बोर्ड’ला मराठीत काय म्हणतात, असे कुणी विचारले तर आधी आपल्यालाच विचारावे लागते: कुठला बोर्ड? भिंतीवर खडूने लिहायचा असेल तर फळा. नाव रंगवलेला असेल तर पाटी किंवा फलक. परीक्षा घेणारे असेल तर मंडळ, बुद्धिबळाचा असेल तर पट. ‘बोर्डिंग’ म्हटले तर त्यातही दोन प्रकार: एकात राहायचे-जेवायचे, दुसऱ्यात विमानात चढायचे.

या सगळ्याच्या तळाशी लाकडाची साधी फळी आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’चा पहिला अर्थ तोच. ढालीही लाकडाच्या फळ्यांच्याच, त्यामुळे कवितेत ‘बोर्ड’ म्हणजे ढाल. इ. स. ९३७ मध्ये झालेल्या ब्रुनानबर्हच्या लढाईवर एक जुने इंग्रजी काव्य आहे. त्यात योद्धे शत्रूची ‘बोर्ड-भिंत’ फोडतात. म्हणजे खांद्याला खांदा लावून धरलेल्या ढालींची रांग. हे वाचून आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. अमरकोशात ढालीच्या नावांमध्ये ‘फलक’ आहेच, आणि आपले फळी नि फळा हे त्याच फलकाचे वंशज. लाकूड हातात असले की माणसे जगभर सारखाच विचार करतात, असे दिसते.

शब्दाला खरे पाय फुटले ते जेवणघरात. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या मोठ्या दालनांत जेवणाचे टेबल कायम मांडलेले नसे. लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, जेवणे उरकली की सगळे उचलून भिंतीशी लावायचे. फळी म्हणजेच टेबल, आणि टेबल म्हणजे त्यावरचे जेवण, असा अर्थ सरकत गेला. ‘बोर्डिंग स्कूल’मधला बोर्ड हा असा ताटातला आहे, पैसे भरून जेवणारा-राहणारा तो ‘बोर्डर’. पेले मांडून ठेवायची फळी ती ‘कपबोर्ड’. पुढे तिला दारे आली, कप्पे आले, उच्चारातला ‘प’ गळून ‘कबर्ड’ झाले आणि पेल्यांऐवजी आत कपडे आले. स्वीडिश भाषेत मात्र ‘बोर्ड’ म्हणजे आजही टेबलच. ‘स्मॉरगसबोर्ड’, म्हणजे नाना पदार्थ मांडलेले आणि आपापले वाढून घ्यायचे टेबल, हा शब्द इंग्रजीने तिथूनच उचलला.

इंग्रजीत मग ‘टेबल’ कुठून आले? फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांच्या राजवटीबरोबर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्यात हाही रुळला आणि रोजच्या बोलण्यातून बोर्डाला त्याने हळूहळू हटवले. गंमत अशी, की त्याचे मूळ लॅटिन ‘टॅब्युला’, आणि त्याचाही अर्थ फळी. एका फळीची जागा दुसऱ्या फळीने घेतली, एवढेच.

टेबलाचा अर्थ हातचा गेला तरी टेबलाभोवती बसणारी माणसे बोर्डाकडेच राहिली. एकत्र बसून हिशेब तपासणारे, निर्णय घेणारे ते ‘बोर्ड’. इंग्लंडच्या राजवाड्याचा खर्च पाहणाऱ्या मंडळाचे नाव ‘बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ’ होते, टेबलावरच्या हिरव्या कापडावरून! १६९६ मध्ये व्यापार पाहणारे ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ आले. १७८४ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर नजर ठेवायला ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमले गेले. सत्ता फर्निचरच्या नावाने ओळखायची ही खोड युरोपात जुनीच आहे. ‘बँक’ मुळात बाक, ‘ब्यूरो’ मुळात लिहिण्याच्या टेबलावरचे जाडेभरडे कापड.

पत्त्यांच्या डावातही हे टेबल आहे. हात टेबलाच्या वर दिसत असतील तर लबाडीला वाव नाही, म्हणून उघड, सचोटीचा व्यवहार ‘अबव्ह बोर्ड’. आपण लाचेबद्दल ‘टेबलाखालून’ म्हणतो, ती याच चित्राची दुसरी बाजू.

‘डॅशबोर्ड’ची कथा चिखलाची आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढे लावलेली आडवी फळी, ती हीच. गाड्यांचे घोडे गेले, फळी मोटारीत आली, तिच्यावर काटे आणि दिवे बसले. आता आकडे दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यालाही डॅशबोर्ड म्हणतात. तिथे लाकूड नाही, चिखलही नाही.

उरले जहाज, आणि इथे सरळ गोष्ट जरा वाकडी होते. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजाच्या फळ्यांवर, असे सहज वाटते. मात्र जुन्या इंग्रजीतच ‘बोर्ड’ या एका रूपात दोन शब्द मिसळले होते: एक फळी, दुसरा कड किंवा काठ. जहाजाची बाजू ती ही कड. ‘बॉर्डर’ या शब्दाचे नातेही तिच्याशीच. दोन्ही शब्द अगदी मुळात एकच होते का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे कडेपलीकडे, थेट पाण्यात. जुन्या जहाजांचे सुकाणू म्हणजे उजव्या बाजूला लावलेले वल्हे असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. त्यातला ‘स्टार’ ताऱ्याचा नव्हे, सुकाणूचा. डावी बाजू पुढे ‘लारबोर्ड’ झाली. वादळात ओरडून हुकूम द्यायचा आणि दोन्ही नावे सारखीच ऐकू यायची! अखेर १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘लारबोर्ड’ रद्द करून ‘पोर्ट’ ठरवले.

जहाजावर चढण्याचे ‘बोर्डिंग’ पुढे आगगाडीला आणि मग विमानाला लागले. त्यामुळे बोर्डिंग स्कूलमधून सुटीत घरी निघालेल्या मुलाच्या हातात बोर्डिंग पास असतो, तेव्हा शाळेच्या नावात जेवणाची फळी असते आणि पासावर जहाजाची कड.