सांगलीवरचे इलेक्ट्रॉन अवकाशात का निसटत नाहीत

शिवणाची सुई मधोमध दोऱ्याने बांधा, आडवी तोलून गाठीवर गोंदाचा थेंब लावा. मग चुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेने वीसेक वेळा घासा. सांगलीत ही सुई उत्तर-दक्षिण होते, शिवाय उत्तरेचं टोक खाली झुकतं. तोलायचं ते घासण्याआधीच. नंतर तोलायला गेलात तर झुकावच पुसला जातो. जवळ लोखंडी कपाट नको. आणि आकडा नेमका येईलच असं नाही, गाठ केसभर सरकली तरी फरक पडतो. इथला खरा झुकाव सुमारे 20 अंश आहे.

सुई दाखवते ती चुंबकीय बलरेषेची दिशा. सूर्याची अतिनील किरणं वरच्या हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनमधून इलेक्ट्रॉन उडवतात, तेही याच रेषेवर मळसूत्रासारखे फिरत धावतात. रेषा सोडून आडवं जाणं त्यांना जवळपास अशक्य. सांगलीवर 300 किमी उंचीवरून निघालेली रेषा जेमतेम 500 किमीपर्यंत चढते आणि दक्षिणेला, विषुववृत्ताच्या आसपास, हिंदी महासागरावर पुन्हा खाली उतरते. म्हणजे इथला इलेक्ट्रॉन फार तर समुद्रावर पोचणार. ध्रुवांजवळ मात्र रेषा उभ्या आणि दूरवर ताणलेल्या असतात, तिथे वाट मोकळी.

हे इलेक्ट्रॉन मोजायला उपग्रहावर एकात एक बसवलेल्या दोन अर्धगोल वाट्या असतात. 1996 साली सोडलेल्या नासाच्या ‘फास्ट’ उपग्रहावरही अशीच रचना होती. आतल्या वाटीला जितका व्होल्टेज द्याल, त्या प्रमाणातल्या ठराविक ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन फटीतून वळण घेऊन पलीकडे पोचतात, बाकीचे भिंतीवर आपटतात. व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलला की चाळणी बदलल्यासारखं होतं.

घोटाळा उपग्रहच करतो. उन्हात त्याच्या पत्र्यातूनही इलेक्ट्रॉन सुटतात, बहुतेक मोजक्या इलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं एकक), आणि तेच यंत्रात शिरतात. विरळ आयनांबरात, म्हणजे वरच्या हवेच्या विद्युतभारित थरात, उपग्रह काही व्होल्ट धनभारित होतो. 5 व्होल्ट झाला, तर 25 इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन 30 चा भासतो. सुदैवाने हवेतून आलेल्यांची एक ठळक खूण आहे: हेलियमच्या 30.4 नॅनोमीटर किरणांमुळे 20 ते 30 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान मोजणीच्या आलेखात उमटणारी शिखरं. शिखर किती सरकलं त्यावरून उपग्रहाचा भार कळतो.

11 मे 2022 रोजी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरून उडालेल्या नासाच्या ‘एन्ड्युरन्स’ रॉकेटने याच खुणेचा उपयोग केला. रॉकेटचा स्वतःचा व्होल्टेज वेगळा मोजून वजा केल्यावर दिसलं, की 248 ते 768 किमी चढताना शिखर 0.55 व्होल्टने घसरतं. हलके इलेक्ट्रॉन पुढे पळू पाहतात, जड आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) मागे रेंगाळतात, त्यातून हा व्होल्टेज तयार होतो. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त, पण हायड्रोजनच्या आयनाला वर ओढणारा जोर गुरुत्वाच्या 10.6 पट.